काटक पोरं

सव्वीस वर्षं प्राध्यापकी करतोय. त्यातली निदान वीस वर्षं मी वर्गात अभिमानाने सांगत आलो, की गावाकडची गरिबाघरची पोरं मनाने काटक असतात. बंगल्यातला मुलगा परीक्षेच्या ताणाने माझ्यापुढे रडायचा. ऊसतोड मजुराचा मुलगा कधी रडला नाही. त्यावरून मी ठरवूनच टाकलं, की नैराश्य हे सुखवस्तू घरांतलं दुखणं.

संशोधक विद्यार्थी रोहित वेमुलाने २०१६ साली आयुष्य संपवलं, निवासी डॉक्टर पायल तडवीने २०१९ साली. दोन्ही वेळा मी स्टाफरूममध्ये म्हणालो होतो, "थोडं सोसायला हवं होतं." आज हे लिहिताना लाज वाटते.

माझं मत बदललं ते एका फॉर्ममुळे. जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची छोटी प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, झोपेतून उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, असे प्रश्न. प्रत्येकाला ० ते ५ गुण. वर्गात ती मी भरून घेतली, तीही नावानिशी. ही माझी चूकच. बीड जिल्ह्यातल्या एका मुलाने पाचही प्रश्नांना ५ लिहिले होते. हा मुलगा रात्री पेट्रोल पंपावर काम करतो, हे मला माहीत होतं. मग ताजंतवानं कसं वाटलं?

विचारलं तेव्हा तो बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत राहिला. मग म्हणाला, "सर, कमी लिहिलं तर डोकं ठीक नाही म्हणून हॉस्टेलमधून काढतील, असं वाटलं." आई-वडील दिवाळीपासून ऊसतोडीला, कोयत्यावर. मुकादमाची उचल फिटायची आहे. शिष्यवृत्तीचा हप्ता आलेला नाही, म्हणून मेस एकाच वेळची. रात्री पंपावर वडापाव. हे सगळं त्याने हजेरी दिल्यासारखं सांगितलं.

तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. तोडणीआधी हात तंग असताना बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडलेली तीच माणसं पैसे हाती आल्यावर पुढे गेली. तो अभ्यास मी वाचला होता, शिकवलाही होता. तरी याच मुलाच्या वहीवर "लक्ष नाही" असा शेरा माझ्याच हातचा आहे.

बंगल्यातला रडणारा मुलगा दुबळा नव्हता. आपलं ऐकून घेतलं जाईल, हे त्याला घरापासून माहीत होतं. पंपावरच्या या मुलाला ते कुणी दाखवलंच नव्हतं, आणि मी "काटक" म्हणून पाठ थोपटत त्याचं तोंड आणखी बंद केलं.

शिक्षकमित्रांनो, एक विनंती आहे. शिष्यवृत्ती अडकलेल्या मुलांची यादी कार्यालयातून मागून घ्या आणि आधी जेवणाचं विचारा, मनाचं त्यानंतर. टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक मी आता फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो. त्या मुलाला आता दोन्ही वेळची मेस आहे. पैसे आम्ही चौघा शिक्षकांनी भरले. हप्ता अजून आलेला नाही.