गाड्यांची हजेरी



मे महिन्यात मुंबईची माणसं सुट्टी घालवायला आमच्या कर्जतला येतात. आणि कर्जतमधले कितीतरी आईबाबा रोज सकाळच्या लोकलने मुंबईला कामाला जातात. मुलं मागे राहतात.

माझ्या वर्गातला चौथीचा एक मुलगा असाच. भावंड नाही, मित्र गावी गेलेले, मामाचं घर म्हणजे डोंबिवलीत दोन खोल्या. घरी फक्त आजी, तिचे गुडघे दुखतात. आणि मोबाइल. त्याची आई म्हणाली, "बाई, याला काहीतरी करायला द्या ना."

मी काय दिलं असेल? चित्रकलेची वही, शुद्धलेखन, गोष्टींची पाच पुस्तकं. शिक्षकाची खोड, दुसरं काय! आठवड्याने गेले तर सगळं कोरं. पण मी बसलेली असतानाच स्टेशनात गाडी आली, तसा तो गॅलरीकडे पळाला. "बाई, बँकर लावतायत!"

तुम्हाला माहीत असेल, पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं जोडतात. बोरघाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट. १८६३ साली हा मार्ग सुरू झाला, तेव्हापासून घाट चढणं म्हणजे इंजिनांची परीक्षाच. हे सगळं त्याच्या गॅलरीसमोर चालू होतं, आणि मी त्याला रंगवायला मोर दिला होता!

दुसऱ्या दिवशी शाळेतला एक जुना कोरा हजेरीपट नेऊन दिला. म्हटलं, गाड्यांची हजेरी घे. डेक्कन क्वीन, कोयना, इंद्रायणी... नावापुढे वेळ आणि बँकर किती. दर दोन दिवसांनी मी बघायला जायची. एकदा त्याने विचारलं, "वंदे भारतला बँकर का नाही लागत?" मला सांगता येईना. शोधून दुसऱ्या दिवशी सांगितलं, तिला एकच इंजिन ओढत नाही, बऱ्याच डब्यांखाली मोटारी असतात. माझ्यापेक्षा आधी त्याने ते आजीला समजावलं.

हजेरीपट चाळताना एक गोष्ट दिसली. प्रत्येक पानावर शेवटची ओळ गाडीची नव्हतीच. "आई – ८.१०." "आई – ८.२५." एका दिवशी "आई – ९.४०, पाऊस."

ते पान मी त्याच्या आईला दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. पुढच्या रविवारी तिघं खोपोली लोकलने गेले. पळसदरीला घाटाची लाइन कुठे वेगळी होते ते त्याने दाखवलं, मग केळवली, डोळवली, लौजी, खोपोली. खोपोलीत वडापाव खाऊन परत. एवढीच त्यांची सहल.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. हजेरीपट अजून त्यांच्या घरी आहे. दुपारच्या गाड्या आता आजी लिहिते, गॅलरीत खुर्ची टाकून. बँकर मोजताना तिचा घोळ होतो, म्हणून हा घरी आला की आधी तिचं पान तपासतो.