दुरुस्ती फसलेला ऑसिलोस्कोप

टेक्ट्रॉनिक्स ५४७ हा १९६० च्या दशकातला अमेरिकन ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेचे संकेत पडद्यावर रेषेच्या रूपात दाखवणारे यंत्र. वजन सुमारे ३० किलो, वीज जवळजवळ ५०० वॉट. हॉवर्ड व्हॉलम आणि जॅक मर्डॉक यांनी १९४६ मध्ये ओरेगनमधल्या पोर्टलंडला सुरू केलेल्या टेक्ट्रॉनिक्स कंपनीने १९४७ मध्ये ५११ हा पहिला स्कोप बाजारात आणला. ५४७ त्याच घराण्यातला, अर्धा व्हॉल्व्हचा आणि अर्धा ट्रान्झिस्टरचा.

अशा यंत्राचे पहिले आयुष्य प्रयोगशाळेत गेले. पुढे ते सरप्लसमध्ये निघाले आणि ओहायोच्या डेटन परिसरात १९५२ पासून भरणाऱ्या हॅम रेडिओच्या मेळाव्यासारख्या ठिकाणी हौशी लोकांच्या हाती लागले. विद्यार्थी असताना ज्या स्कोपला हात लावायला परवानगी घ्यावी लागे, तोच उतारवयात स्वतःच्या टेबलावर आला, अशांची संख्या यात मोठी. झाकण काढले की दिसतात सुटे भाग जोडायच्या चिनीमातीच्या खाचेदार पट्ट्या. त्यांवर साधे सोल्डर वारंवार वापरले तर खाचेतला चांदीचा थर त्यात विरघळतो. म्हणून कंपनी चांदीमिश्रित सोल्डरचे छोटे रीळ यंत्राच्या आतच बसवून देई. दुरुस्ती होणारच, हे गृहीत धरून केलेली ही रचना होती.

तरीही ५४७ ची एक खोड भल्याभल्यांना नमवते. यंत्र थंड असताना सुरू केले की रेषा लख्ख दिसते. मग तापता तापता ती अंधूक होते आणि चित्र फुगत जाते. पिक्चर ट्यूबला उच्च विद्युतदाब पुरवणारा ट्रान्सफॉर्मर इपॉक्सीत ओतलेला असतो. वर्षानुवर्षांनी त्या इपॉक्सीत ऊर्जा मुरू लागते, ट्रान्सफॉर्मर तापतो आणि दाब कोसळतो. गंमत अशी की आधीच्या मॉडेलांतले मेणात बुडवलेले ट्रान्सफॉर्मर यापेक्षा चांगले टिकले.

यावरचा एक उपाय म्हणजे ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळणे. केसासारखी तार, असंख्य वेढे आणि प्रत्येक थरामध्ये इन्सुलेशन. वेढ्यांची आपसातली कॅपॅसिटन्स बदलली की ट्रान्सफॉर्मर चालवणाऱ्या ऑसिलेटरची वारंवारता सरकते. थर नीट बसला नाही तर ठिणगी पडते. इथे अनेकांची दुरुस्ती फसते.

मग यंत्र देऊन टाकण्याचा विचार येतो, आणि इथे एक गोष्ट नेहमी चुकते. मूळ बिघाड असलेला, पण कोणी न उघडलेला स्कोप अर्धवट उसवलेल्या स्कोपपेक्षा जास्त मोलाचा असतो, कारण नव्या माणसाला दोन शोध लावावे लागतात: आधीचा बिघाड कोणता आणि दुरुस्ती करणाऱ्याने घातलेला कोणता. म्हणून देताना काढलेले स्क्रू, जुना ट्रान्सफॉर्मर आणि तपासलेल्या दाबांची टिपणे बरोबर दिली तर त्या देण्याला अर्थ येतो. कॅपॅसिटर डिस्चार्ज केलेले असावेत, हे सांगायला नको.

घेणारेही तऱ्हेतऱ्हेचे. पोर्टलंड परिसरात टेक्ट्रॉनिक्सच्या जुन्या कर्मचाऱ्यांनी उभारलेले विंटेजटेक संग्रहालय आहे, पण संग्रहालयाला त्याच मॉडेलचा आणखी एक नग हवाच असतो असे नाही. हौशी माणसाला मात्र तो सुट्या भागांसाठी हवा असतो. प्लग-इन, म्हणजे स्कोपमध्ये खोचायचे सुटे विभाग, वेगळे निघतात आणि दुसऱ्या स्कोपमध्ये चालतात. शाबूत पिक्चर ट्यूबही मोलाची. ती निर्वात असते, म्हणून काढायची तर चष्मा आणि हातमोजे घालून काढावी, आणि शक्यतो कुरिअरने न पाठवता हातोहात द्यावी.