लक्ष्मीबाईंचं हसू

नगरला एका रविवारी चर्चसमोरून जाताना पेटी-तबल्यावर चक्क अभंग कानी आला. चपला काढाव्यात की नाही, या विचारात मी फाटकाशीच घुटमळलो. नाव येशूचं, चाल थेट वारीतली. ही वाट रेव्हरंड ना. वा. टिळकांनी घालून दिली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुलाअलीकडच्या सोयऱ्यांनी दारं लावून घेतली.

मला मात्र टिळकांपेक्षा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई अधिक जवळच्या. लक्ष्मीबाईंचे वडील कमालीचे सोवळे. बाजारातून आलेली जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. त्या घरात वाढलेल्या बाईचा नवरा एके दिवशी ख्रिस्ती होतो. चार-पाच वर्षं ती माहेरच्यांच्या आधारानं काढते. रडते, चिडते, लोकांची कीव झेलते. पुढे नवऱ्याकडे परतते ती आपलं सोवळं बरोबर घेऊनच. मग एकदा ती स्वतःशीच वाद घालते: माणसं देवानं केली, मग जाती कुणी केल्या? उत्तर सापडल्यावर कुणाच्याही हातचं खायला ती मोकळी होते. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० मधला. तोही नवऱ्यामागून फरफटत जाऊन घेतलेला नव्हे. आधी मनाचा निकाल, मग पाणी. म्हणूनच ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथेत ती टिळकांच्या विक्षिप्तपणाला हसते, स्वतःच्या सोवळ्यालाही हसते. आपल्या देवापाशी आपली जागा पक्की आहे हे ज्याला कळलं, त्यालाच असं हसता येतं.

नगर जिल्ह्यातल्या महार-मांग ख्रिस्त्यांना इतकी ऐसपैस जागा मिळाली नाही. गावानं जात विसरू दिली नाही आणि १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशापासून सरकारदरबारी ती जात धरली जात नाही. तरी झांजा घेऊन भजनाला बसले की ती माणसं काय दणक्यात गातात!

२०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो झाले, तेव्हाही धर्मगुरू कशाला, म्हणून नाकं मुरडली गेली. सबंध बायबल सुबोध मराठीत आणणाऱ्या माणसाबद्दल ही कुरकुर! अशांना एकदा फादरांच्या वसईकडच्या नंदाखालला लग्नाला न्यावं. लाल लुगड्यातल्या आज्या सामवेदी बोलीत गाणी म्हणू लागल्या की आपल्याला निम्मं कळत नाही, पण उठवतही नाही. येताना सुकेळी, म्हणजे तिथली वाळवलेली केळी, मात्र आणावीत. त्या चवीपुढे मला पेढाही फिका वाटतो.