न्याहारीपलीकडचा टिरेटा बाजार

कोलकात्यात लालबाजारच्या पोलीस मुख्यालयापासून थोडे चालले, की पोद्दार कोर्टलगत टिरेटा बाजार लागतो. उजाडता उजाडता फुटपाथवर ॲल्युमिनियमची भांडी मांडली जातात, झाकण उचलले की वाफेचा लोट उठतो आणि आत मोमो, डुकराच्या मांसाचे सारण भरलेले पांढरेशुभ्र बाव दिसतात. शेजारी माशाच्या गोळ्यांचे सूप उकळत असते. उन्हं चढेपर्यंत सगळे आटोपलेलेही असते. बाहेरगावचा पाहुणा खातो, फोटो काढतो आणि इथला चिनी वारसा पाहिल्याच्या समाधानात परततो. पण या वस्तीचा खरा वारसा ताटलीत नाही. तो मागच्या गल्ल्यांतल्या देवळांत आणि ती चालवणाऱ्या मंडळांत आहे.

बाजाराला नाव मिळाले ते अठराव्या शतकात इथे आलेल्या एदुआर्दो तिरेत्ता या व्हेनिसच्या माणसाचे. त्याच शतकात तोंग आछ्यू या चिनी माणसाने वॉरन हेस्टिंग्जकडून बजबजजवळ जमीन मिळवून साखरेचा कारखाना काढला. त्या गावाला आजही अछिपूर म्हणतात आणि चिनी नववर्षाला कोलकात्याचे चिनी लोक त्याच्या लाल थडग्यापाशी जमतात. पुढे कँटनी सुतार आले, चामडे कमावणारे नि जोडे शिवणारे हाक्का आले, हुबेईचे दंतवैद्य आले. परमुलखात माणूस आधी आपल्या गावचा माणूस शोधतो. मुंबईत धोबीतलावच्या परिसरात गोव्यातल्या एकेका गावाने कूड थाटले, तिथे वेदीही असे आणि अंथरूण टाकायला जागाही. टिरेटा बाजारातली ‘चर्च’ त्याच जातीची. नाव चर्च असले, तरी आत देव चिनी. १९०५ची सी इप चर्चची इमारत क्वानयिन देवीची. ‘सी इप’ म्हणजे चार तालुके. ग्वांगतुंग प्रांतातल्या त्या चार तालुक्यांतून आलेल्यांचे हे मंडळ. अशा देवळांत बांबूच्या नळकांड्यातल्या काड्या हलवून कौल घेतात, आणि कोकणात देवाला कौल लावणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, वस्त्या येतात आणि ओसरतात, तरुण पोरे टोरांटोला गेली, त्यात कोणाचा काय दोष? हे म्हणणे पुराव्यापुढे टिकत नाही. १९६२च्या भारत-चीन युद्धानंतर सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबण्यात आले. त्यांत म्हातारे होते, मुले होती, इथेच जन्मलेलेही होते. बाहेर राहिलेल्यांवर पोलिसांची नजर आणि हिंडण्याफिरण्यावर निर्बंध. पुढे १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्याच्याच टांगरा भागातले चामड्याचे कारखाने शहराबाहेर बानतल्याला हलवायला सांगितले. प्रदूषण खरे होते आणि निर्णयाला आधारही होता, पण हाक्कांचा पिढीजात धंदा त्यात मोडला. अनेक कारखान्यांच्या जागी हॉटेले उभी राहिली. एकेकाळी वीस हजारांच्या घरात सांगितली जाणारी कोलकात्यातली चिनी वस्ती आता दोनेक हजारांवर आली आहे. ही ओहोटी निव्वळ काळाची म्हणता येत नाही. माणसांनी घेतलेल्या निर्णयांचा त्यात मोठा हात आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खाणेच गर्दी खेचते, गर्दीतूनच पैसा येतो, मग खाऊगल्ली सजवून वारसा वाचवला तर काय बिघडले? सजवावी, जरूर सजवावी. पहाटे उठून बाव वळणाऱ्या बायांच्या कमाईला मी कमी लेखत नाही. पण बाव कुठेही वाफवता येतो, अगदी मॉलमध्येसुद्धा. चार तालुक्यांचे मंडळ मात्र एकदा विस्कटले की कमानी आणि आकाशकंदील लावून परत उभे राहत नाही. म्हणून दुरुस्तीचा पैसा आधी या देवळांच्या छपरांवर आणि जिन्यांवर खर्च व्हावा, आणि त्यांचा कारभार मंडळांच्याच हाती राहावा. मराठी वाचकाला हे पाहायला कोलकात्यापर्यंतही जायला नको. त्याच चार तालुक्यांच्या लोकांनी १९१९मध्ये बांधलेले देऊळ मुंबईत, माझगावात, अजून उभे आहे.