सरकीच्या पोत्यांमागे

मुलीची नोकरी परदेशात लागली आणि पुण्यातली तिची चिमी आमच्याकडे परभणीला आली. चिमी यॉर्कशायर टेरिअर. वजन तीन किलोच्या आत, पाठीवर पोलादी निळसर केस, तोंड नि पाय तांबूस. गल्लीतल्या एका पोरानं विचारलं, "आजोबा, हे कुत्रं खरं हाय का सेलवर चालतंय?"

त्याला उत्तर चिमीनंच दिलं. परसातल्या खोलीत भावाच्या म्हशींसाठी सरकीची पोती रचलेली असतात. एका दुपारी ती तिथं कान ताठ करून, हूं की चूं न करता उभी राहिली. मग पोत्यांच्या फटीत घुसली. बाहेर आली ती तोंडात उंदीर घेऊन. मानेला एकच हिसका, आणि उंदीर गार. ही ओरडली, "अहो, बघा काय केलं हिनं!"

माझी हयात जिनिंगमध्ये हिशेब लिहिण्यात गेली, म्हणून या जातीचा पूर्वेतिहास वाचताना गंमत वाटली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला स्कॉटलंडचे विणकर पोटासाठी यॉर्कशायर-लँकेशायरच्या गिरण्यांकडे आले. त्यांच्याबरोबर त्यांचे छोटे टेरिअर आले आणि गिरण्यांतले उंदीर मारू लागले. १८६५ साली जन्मलेला हडर्सफील्ड बेन हा कुत्रा या जातीचा मूळपुरुष मानतात. यॉर्कशायर टेरिअर हे नाव १८७० च्या सुमारास रूढ झालं, आणि १८८६ मध्ये तिथल्या केनेल क्लबनं जातीला मान्यता दिली. श्रीमंत बायकांच्या मांडीवर ती बसली ती पुढं. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं तिथला कापूस आटला तेव्हा याच लँकेशायरनं हिंदुस्थानी कापसाकडे धाव घेतली होती. म्हणजे चिमी कापसाच्या मुलखात अगदीच उपरी नव्हती.

स्वभावही कामकऱ्याचाच. कुरिअरवाला फाटकाशी आला की घर डोक्यावर घेते. गल्लीतल्या दांडग्या कुत्र्यांवर धावून जाते, आपण केवढ्याशा आहोत याचा तिला पत्ताच नसतो. म्हणून बाहेर नेताना दोरी हातातून सोडायची नाही.

उंदराच्या प्रकारानंतर तिला पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. परभणीत हे महाविद्यालय १९७२ पासून आहे. डॉक्टरांनी आधी लसींचं कार्ड मागितलं. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो, त्याची लस दर वर्षी हवी, म्हणाले. मग गळ्यातला पट्टा काढायला लावला. या जातीची श्वासनलिका नाजूक. ओढ बसली की खोकल्याची ढास लागते. छातीवरून जाणारा हार्नेस आणला. दिवाणावरून उड्या मारू देऊ नका, गुडघ्याची वाटी सरकते, हेही बजावलं. दिवाणाला लागून आम्ही एक पाट ठेवला.

खरी परीक्षा मे महिन्यात. इथं पारा पंचेचाळीसला टेकतो. फिरणं उजाडायच्या आत. संध्याकाळी निघण्याआधी डांबरावर तळहात टेकवून बघतो, आपल्याला सोसवला तरच तिचे पाय रस्त्यावर. दुपारी ती कूलरसमोर. तिच्या केसांखाली दाट लव नसते आणि केस आपल्यासारखे वाढतच राहतात. रोज विंचरलं नाही तर गाठी होतात. उन्हाळ्यात केस आखूड करतो, पण पार भादरत नाही. उघडी कातडी उन्हानं भाजते. डिसेंबरच्या थंडीत मात्र स्वेटर लागतो. फिरून आलं की कानांत नि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधायचे, कारण त्यांच्यापासून येणारा ताप जिवावर बेततो. दातांवर कीटण लवकर चढतं, म्हणून ब्रश. आणि आमच्या ताटातलं काही द्यायचं नाही, कारण कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला घातक, नि आमची भाजी त्यावाचून होत नाही.

आता ओळखीचे लोक म्हणतात, "नातवाला खेळायला असलंच एक बघा की." मी विचारतो, मे महिन्यात पहाटे उठणार कोण? रोज विंचरणार कोण? पिल्लाचं खाणं लांबलं तर रक्तातली साखर उतरून ते कोसळतं, दिवसातून चार वेळा त्याला भरवणार कोण? नातू लहान असेल तर सरळ नकोच म्हणतो. त्याच्या हातून पडलं तर पिल्लाचं हाड मोडायला वेळ लागत नाही. एवढं ऐकल्यावर बहुतेक जण किंमत विचारायचं विसरतात.