दोन नंबरचा रिमोट

2021 च्या एका दिवाळी अंकात मी प्लेस्टेशन 2 वर लेख लिहिला होता. त्यातलं एक वाक्य मला मागे घ्यायचं आहे. 'जुनं यंत्र सगळ्यांना सारखं वागवायचं,' असं ते वाक्य होतं. लेख छापून आला तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता, हेही सांगून टाकते.

त्या वर्षी 2 फेब्रुवारीला प्लेस्टेशन 5 भारतात आला. डिस्कवाल्या यंत्राची किंमत 49,990 रुपये. जो तो त्याच्या वेगाचे आणि चित्रांचे गोडवे गात होता आणि मला त्याचा राग येत होता. माझं म्हणणं साधं होतं. पीएस2 मध्ये डिस्क घातली की गेम सुरू व्हायचा. तो डिस्कवर अख्खा असायचा. नेट लागायचं नाही, अपडेट लागायचं नाही, खातं उघडावं लागायचं नाही. एका टीव्हीसमोर दोघं बसायची आणि एकमेकांच्या कोपराला ढुसण्या देत खेळायची. अवघी 32 एमबी मेमरी होती त्यात, आणि तेवढ्यात माणसांनी अख्खी जगं बसवली. 15 कोटींहून जास्त यंत्रं खपली, तोवर सगळ्यात जास्त खपलेला कन्सोल तोच होता. नव्या यंत्रात 16 जीबी मेमरी, म्हणजे पाचशेपट, आणि मिळालं काय, तर चकाकणारं पाणी. असा तो लेख.

पीएस2 आमच्या घरी आला 2006 मध्ये. दादा तेव्हा कॉलेजला होता, मी दहावीत. त्याने मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवरून जुना घेतला आणि एसटीने सांगलीला येईपर्यंत मांडीवरून खाली ठेवला नाही. चिप बसवलेला होता, त्यामुळे पन्नास-साठ रुपयांच्या कॉपी सीडी त्यात चालायच्या. लेखात मी ही गोष्ट लिहिली नव्हती. जुन्या काळाच्या सचोटीचं कौतुक करताना आपण ज्यांचे गेम खेळलो त्यांना एक रुपयाही दिला नव्हता, हे सांगायला हवं होतं.

आमचा सगळ्यात लाडका गेम 'रॅचेट अँड क्लँक'. 2002 चा, इन्सोम्नियॅक कंपनीने बनवलेला. रॅचेट हा लांब कानांचा मेकॅनिक, आणि त्याच्या पाठीवर क्लँक नावाचा छोटा यंत्रमानव. खेळ एकट्याचाच, त्यामुळे आमची पाळी ठरलेली: मेलं की रिमोट दुसऱ्याच्या हातात. कंट्रोलरला आमच्याकडे सगळे रिमोटच म्हणायचे. एक नंबरचा दादाचा, दोन नंबरचा माझा. या गेममध्ये दोन नंबरचा जोडायची गरजच नव्हती, तरी मी तो हातात धरून बसायचे आणि दादा उडी मारायचा तेव्हा मीही बटण दाबायचे.

2011 च्या पावसाळ्यात कोल्हापूर रस्त्यावर दादाची मोटारसायकल घसरली. खांद्यातून उजव्या हाताकडे जाणाऱ्या नसा तुटल्या. पुण्यात ऑपरेशन झालं, वर्षभर व्यायाम झाले. कोपर थोडं वाकायला लागलं, बोटं मात्र परत आली नाहीत. हात आहे, दिसतो, पण रिमोट धरता येत नाही. त्याने डाव्या हाताने लिहायला शिकून घेतलं, नोकरी टिकवली, मोटारसायकलऐवजी चारचाकी गाडी घेतली. पीएस2 मात्र कपाटात गेला. कुणी ठरवून ठेवला नाही, एक दिवस टीव्हीखाली तो नव्हता, एवढंच.

आणि दहा वर्षांनी मी लिहिलं, जुनं यंत्र सगळ्यांना सारखं वागवायचं.

दादाने अंक वाचला. फोनवर म्हणाला, "छान लिहिलंयस. एक सांगू? त्याने सारखंच वागवलं, म्हणून तर मला बाहेर काढलं."

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण ते वाक्य मनातून जाईना. पीएस2 चा रिमोट आठवून बघा. चालायचं डाव्या अंगठ्याने. उडी, वार, गोळी, सगळं उजव्या. कॅमेरा फिरवायची कांडीही उजवीकडेच. कुठलं बटण काय करेल हे गेम बनवणाऱ्याने ठरवलेलं, आणि ते बदलायची सोय यंत्रात नव्हतीच. एखाद्या गेममध्ये बटणांच्या दोन-तीन तयार मांडण्या असायच्या, त्यातली एक घ्यायची. एका हाताने खेळणारा माणूस असेल, हे त्या यंत्राच्या गावीही नव्हतं. यात कुणाचा दुष्टपणा होता असं मी म्हणत नाही. पण मी ज्याला साधेपणा म्हणत होते तो दोन धड हातांचा साधेपणा होता.

2023 च्या दिवाळीत मी पीएस5 घेऊन सांगलीला गेले. सप्टेंबरमध्ये त्याला एक अपडेट आलं होतं. अपडेटांवर मी केवढं तोंडसुख घेतलं होतं! या अपडेटने एकाच खेळाडूच्या दिमतीला दुसरा कंट्रोलर जोडता यायला लागला. दोन रिमोट, दोन माणसं, पण यंत्राला ते एकच वाटतात. दादा डाव्या हाताने चालवणार, मी उजव्या बाजूची बटणं दाबणार.

गेम कुठला लावायचा हा प्रश्नच नव्हता. 2021 चा 'रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट'. तोच लांब कानांचा मेकॅनिक, तीच कंपनी, मध्ये एकोणीस वर्षं. यात रिव्हेट नावाची एक नवी नायिका आहे आणि तिचा एक हात यंत्राचा आहे. ती पडद्यावर आली तेव्हा दादा काही बोलला नाही. फक्त जरा पुढे सरकून बसला.

पहिला तास वाईट गेला. दादा "मार" म्हणायचा आणि मी दाबेपर्यंत अर्धा सेकंद जायचा. त्या अर्ध्या सेकंदात आम्ही मरायचो. तो चिडायचा, मी त्याहून जास्त. मग सेटिंगमध्ये खेळाचा वेग कमी करायची सोय सापडली: 70 टक्के, 50 टक्के, 30 टक्के. आम्ही सत्तरवर आलो आणि सूर जुळायला लागला. नव्या रिमोटचे खालचे खटके दाबताना विरोध करतात, बंदुकीचा घोडा ओढल्यासारखे. लेखात मी त्याला 'गंमत' म्हणून उडवलं होतं. दादाच्या डाव्या बोटाला तो ताण तासाभराने जड व्हायला लागला, तर तोही सेटिंगमधून बंद करता आला.

त्या रात्री मला वेगाचाही अर्थ कळला. पीएस5 च्या साठवणीचा वेग सेकंदाला साडेपाच जीबी. पीएस2 ची डीव्हीडी सेकंदाला जेमतेम पाच एमबी वाचायची, म्हणजे फरक हजारपटीचा. जुन्या गेममधले वळणावळणाचे बोगदे, सावकाश चढणाऱ्या लिफ्ट, आपण चालत असताना पुढचं जग गुपचूप भरून घ्यायला केलेल्या असायच्या. मला त्या आवडायच्या, अजून आवडतात. 'माणसाला थांबायला शिकवणारा काळ' असं काहीतरी मी लिहिलं होतं. पण थांबावं कुणाला लागतं? जो चांगला खेळतो, त्याला कमीच. जो सारखा मरतो, त्याला दर वेळी. दादा त्या रात्री एका पुलावर बावीस वेळा पडला. प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंदांत पुन्हा पुलाच्या तोंडाशी उभा. बावीस वेळा अर्धा-अर्धा मिनिट काळ्या पडद्याकडे बघावं लागलं असतं, तर सहाव्या-सातव्या वेळी त्याने रिमोट खाली ठेवला असता. मी त्याला ओळखते. ठेवलाच असता. मी ज्याला अधीर लोकांचे चोचले म्हणत होते, तो वेग हळू शिकणाऱ्या माणसाच्या कामी येत होता.

पुढच्या उन्हाळ्यात मामेभाऊ जर्मनीहून आला, तो प्लेस्टेशनचा ॲक्सेस कंट्रोलर घेऊन. डिसेंबर 2023 मध्ये निघालेला हा कंट्रोलर ताटलीसारखा गोल, सपाट, टेबलावर किंवा मांडीवर ठेवायचा. कडेने आठ बटणं, मध्ये एक, आणि बाजूला एक कांडी, जी जवळ-लांब करता येते. बटणांवरच्या टोप्या काढून वेगळ्या आकाराच्या बसवता येतात. कुठल्या बटणाने काय करायचं ते आपण ठरवायचं. दाबून धरावं लागणारं बटण एकदा दाबलं की दाबलेलंच राहील, असंही करता येतं. बाहेरची बटणं जोडायला चार भोकं आहेत.

दादाने दोन रविवार घालवले. स्वयंपाकघरातला पोळपाट मांडीवर घेऊन त्यावर तो ठेवून बघितला, आईने पोळपाट परत नेला, मग सुताराकडून फळी करून आणली. कांडी अंगठ्याला, उडी तर्जनीला, गोळी करंगळीच्या टोकाला. दुसऱ्या कांडीचा प्रश्न उरला, कारण कॅमेरा कुणी फिरवायचा? तर या गेममध्ये कॅमेरा किती जोराने पात्राच्या मागे वळावा हे वाढवता येतं. ते वाढवलं. हे सगळं चाललं असताना मी शेजारी दोन नंबरचा रिमोट धरून बसले होते. त्याने पूल ओलांडला. चौथ्या प्रयत्नात. मी एकही बटण दाबलं नव्हतं.

हे लिहिताना मला एक गोष्ट सांभाळायची आहे. पुन्हा दुसऱ्या टोकाला जाऊन नव्याची आरती ओवाळायची नाही. सगळं श्रेय यंत्राला देणंही बरोबर नाही. 'द लास्ट ऑफ अस पार्ट 2' 2020 मध्ये पीएस4 वरच आला होता आणि त्यात अशा साठहून जास्त सोयी होत्या. आवाजाच्या खुणांवर तो अंध माणसालाही शेवटपर्यंत नेता येतो. बटणं बदलायची सोयही पीएस4 वर 2015 पासून आहे. म्हणजे मी लेख लिहिला तेव्हा हे सगळं डोळ्यांसमोर होतं आणि मला ते बघायची गरज वाटली नव्हती. उलट याच पीएस5 वर आजही असे गेम येतात ज्यांत यातलं काही नसतं, आणि तिथे दादाची ताटली अर्धीच उपयोगी पडते.

माझ्या जुन्या तक्रारींपैकी काही अजून माझ्या आहेत. डिस्क विकत घेऊनही कित्येक जीबी उतरवून घ्यावे लागतात ते मला पटत नाही. एका सोफ्यावर बसून दोघांनी खेळायचे गेम कमी झाले याचं वाईट वाटतं. पीएस5 पीएस4 चे जवळपास सगळे गेम चालवतो, पण आमच्या पीएस2 च्या डिस्क त्याला वाचता येत नाहीत. पीएस2 ने तर पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्कही चालवल्या होत्या. आणि पीएस2 च्या रिमोटवरची बटणं दाब ओळखायची. 'ग्रॅन टुरिस्मो 3' मध्ये क्रॉसचं बटण हलकं दाबलं तर गाडी हलकेच पुढे जायची. ते नव्या रिमोटच्या त्या बटणांत नाही. ती कला गेलीच, आणि तिच्याबद्दल मी भांडत राहीन.

पण दोन यंत्रं शेजारी ठेवून मोजायला घेतली की मी मेमरी मोजायचे, वेग मोजायचे, चित्रं मोजायचे, आणि चित्रांपेक्षा आत्मा मोठा असं म्हणून जुन्याला जिंकवायचे. टीव्हीसमोर कोण बसू शकतं आणि कोण उठून गेलं, हे मी मोजलंच नाही. उठून गेलेला माणूस माझ्याच घरात होता.

गेल्या दिवाळीला घरी गेले तेव्हा दादा 'रिफ्ट अपार्ट' संपवून दुसऱ्यांदा खेळत होता. वेग आता शंभर टक्के. मला म्हणाला, "कपाटातला जुना काढ की." जुन्या टीव्हीला तो लावला. लाल-पांढरी-पिवळी वायर अजून जागची हलली नव्हती. पहिल्या 'रॅचेट'ची डिस्क फिरायला लागली, तो ओळखीचा घरघराट. मी खेळायला बसले आणि तो मागे बसून सांगायला लागला: नोव्हॅलिस ग्रहावर पाण्याखालून जा, तिथे सोन्याचा बोल्ट आहे, डावीकडे, अगं डावीकडे. बारा वर्षांहून जास्त काळ त्याने हा गेम बघितला नव्हता.

त्याआधी, मेमरी कार्ड उघडलं तेव्हा, त्यात एकच नोंद सापडली होती. त्याची, अपघाताच्या आधीची, शेवटच्या ग्रहाच्या अलीकडे थांबलेली. मी विचारलं, "इथून पुढे नेऊ का?"

"नको," तो म्हणाला. "ती माझी आहे. तू नवीन सुरू कर."