गॉर्डन्सव्हिलच्या फलाटावरची कोंबडी

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात गॉर्डन्सव्हिल नावाचे एक लहानसे गाव आहे. भाचा त्या बाजूला नोकरीला, म्हणून माझे तिथे जाणे झाले. रुळांलगत १८६० साली बांधलेले एक्स्चेंज हॉटेल उभे आहे. यादवी युद्धात त्याचे इस्पितळ झाले होते, आता तिथे वस्तुसंग्रहालय आहे. मला मात्र ते रूळच पाहायचे होते.

पूर्वी इथे दोन लोहमार्ग एकत्र येत. आगगाडीत जेवणाची सोय नसे. गाडी थांबली की काळ्या स्त्रिया डोक्यावर तबके घेऊन येत आणि तळलेली कोंबडी खिडकीतून प्रवाशांच्या हातात देत. त्यांना 'वेटर कॅरिअर' म्हणत. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली होती, पण हाती ना जमीन ना भांडवल. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या लोकांना अर्पण केला, त्यांच्याच देशात त्या सुमारास या बाया तबकावर संसार उचलत होत्या. पुढे गावाने त्यांच्यावर परवाना लादला, तरी धंदा चालला. कोंबडीच्या तंगड्या विकून काहींनी स्वतःची घरे बांधली.

ही विद्या त्यांच्या हातात आली कुठून? मळ्यांवर गुलामांना गुरे पाळू देत नसत, कोंबड्या मात्र बऱ्याच ठिकाणी पाळू देत. १८२४ साली मेरी रँडॉल्फ या बाईंचे 'द व्हर्जिनिया हाउसवाइफ' हे पुस्तक निघाले. त्यात तळलेल्या कोंबडीची कृती आहे. अशा घरांतून चुलीपुढे घाम गाळणाऱ्या गुलाम बायाच असत. पुस्तकावर नाव मालकिणीचे!

आदल्या संध्याकाळी भाचेसुनेने तीच कोंबडी केली होती. भांडे आपल्या बिडाच्या तव्यासारखेच, पण उभ्या काठाचे आणि चांगले जड. कातडीसकट तुकडे मीठ लावून रात्रभर ताकात ठेवलेले होते. ते निथळून मैदा, मीठ, मिरपूड यांत घोळवले आणि तसेच थोडा वेळ राहू दिले. तेल तुकडे निम्मे बुडतील एवढेच. पूर्वी डुकराची चरबी वापरीत. मी एकदम सगळे तुकडे टाकायला गेलो, तर ती म्हणाली, "मामा, गर्दी नको. वाफ धरली की पापुद्रा मऊ पडतो."

बिडाची खुबी अशी की ते तापायला वेळ लावते, पण उष्णता धरून ठेवते. गार मांस पडले तरी तेल फारसे निवत नाही. पातळ ॲल्युमिनियमच्या कढईत तेल चटकन थंडावते आणि मैदा तेल पितो. मध्यम आचेवर एकेक बाजू दहा-बारा मिनिटे. हाडाजवळचा रस लालसर नको. मग तुकडे जाळीवर, डब्यात झाकून नव्हे. तवा धुतला की लगेच कोरडा करून तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर गंज चढतो.

उरलेले तुकडे रात्री फ्रीजमध्ये ठेवले होते. तेच दुसऱ्या दिवशी रुळांशेजारी बसून खाल्ले. ना ताटली, ना चमचा. गार झाले तरी चव होती. प्रवासी गाडी आता त्या गावात थांबत नाही.